धावत्या गाडीतून होणारी मोजणी

मोजल्याखेरीज माणसाचे चालत नाही. धान्य मोजावे लागते, जमीन मोजावी लागते, मजुरी मोजावी लागते; आणि जेथे मोजणे आले तेथे मोजणारा कोण, माप कोणाचे आणि मोजताना जवळ उभे कोण, हे तीन प्रश्नही आले. बीड जिल्ह्यातील माणसाला हे शिकवावे लागत नाही. दसरा झाला की कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागणारी आपली कुटुंबे टनावर मजुरी घेतात. फडात घाम किती गाळला याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. काट्यावर वजन किती भरले, त्यावर हिशेब होतो. म्हणून काटा बरोबर की चूक, हा त्यांच्या दृष्टीने पोटाचा प्रश्न असतो. कामगार संघटनेत आमचे आयुष्य गेले ते असल्याच प्रश्नांशी झगडण्यात.

आजचा विषय वरवर पाहता यंत्रशास्त्राचा आहे. मोटारीवर, रेल्वेच्या डब्यावर, हेलिकॉप्टरला किंवा ड्रोनला निरनिराळी मापनयंत्रे बसवावयाची, ते वाहन चालू ठेवावयाचे, आणि चालता चालताच रस्ता, घरे, झाडे, डोंगर, क्वचित जमिनीच्या पोटातले थरसुद्धा मोजून त्यांचा नकाशा करावयाचा, अशी ही विद्या आहे. या मापनयंत्रांना सेन्सर म्हणतात. आपण त्यांना संवेदक म्हणू. आम्ही महाविद्यालयाची पायरी चढलेलो नाही. जे शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि रस्त्यावरचे मजूर, मोजणीदार व ओव्हरसियर यांच्या शेजारी बसून. म्हणून येथे जे सांगावयाचे ते सर्वांना उमजेल अशाच भाषेत सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

पूर्वी मोजणी पायी होत असे. तेहतीस फुटी साखळी ताणून धरणारे दोन गडी, खुंट रोवणारा एक, निशाण धरणारा एक, आणि कागदावर आकृती काढणारा मोजणीदार, एवढा लवाजमा बांधाबांधाने फिरे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा व असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, हा आपल्या तोंडपाठ असलेला हिशेब त्याच साखळीशी जुळलेला आहे. यापेक्षा मोठी मोजणी म्हणजे सगळ्या हिंदुस्थानची. १८०२ साली विल्यम लॅम्टन याने मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत उत्तरेचा रस्ता धरला. काम अर्धे असतानाच १८२३ साली विदर्भातील हिंगणघाट येथे तो वारला. त्याचे कोनमापक यंत्र सुमारे अर्धा टन वजनाचे होते. लॅम्टनचे नाव पुस्तकांत आहे. ते यंत्र टेकड्यांवर चढविणारे, झाडी तोडणारे आणि तापाने आजारी पडणारे शेकडो हमाल मात्र निनावीच राहिले.

त्या काळी वाटेची लांबी मोजण्याची आणखी एक सोपी युक्ती होती. एक मोठे चाक घ्यावयाचे, त्याला दांडा व फेरे मोजणारे घड्याळ जोडावयाचे आणि ते ढकलत चालावयाचे. चाकाचा परीघ दहा फूट असेल तर ५२८ फेऱ्यांत एक मैल पुरा होतो. आजच्या सगळ्या धावत्या मोजणीचे मूळ या साध्या चाकात आहे. मोजणारा थांबत नाही, चालत राहतो, आणि चालणे हेच मोजणे होते.

आता आजची मोजणीगाडी डोळ्यांपुढे आणू. वरून ती साधी जीप किंवा व्हॅन दिसते. टपावर एक गरगर फिरणारे डबडे, चोहोबाजूंना पाहणारे कॅमेरे, एक उपग्रहाचा अँटेना, मागच्या चाकाला चिकटविलेली एक तबकडी, आणि आत संगणक. या प्रत्येकाचे काम वेगळे आहे आणि प्रत्येकात काही खोटही आहे. एकाची खोट दुसऱ्याने भरून काढावयाची, हीच या विद्येतील खरी हुशारी होय.

पहिला संवेदक म्हणजे चाकाची तबकडी. ती फेरे मोजते, म्हणजे अंतर सांगते. परंतु टायरमधील हवा कमी झाली की चाक थोडे दबते, तेवढ्याच अंतरात फेरे अधिक पडतात आणि माप फुगते. चिखलात चाक जागच्या जागी फिरले तर गाडी चालली असे तबकडीला वाटते.

दुसरा संवेदक उपग्रहांचे संदेश घेणारा. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. कमीत कमी चार उपग्रहांचे संदेश पोहोचण्यास किती वेळ लागला यावरून गाडी कोठे आहे ते ठरते. खिशातील मोबाइलमध्ये हीच सोय असते, पण तिच्यात काही मीटरांची चूक संभवते. गावाला जाण्यास ती चालते, बांध ठरविण्यास चालत नाही. म्हणून ज्या ठिकाणाचे स्थान आधीच पक्के ठाऊक आहे अशा जागी कायमचे केंद्र ठेवतात. त्या केंद्राला आपल्या मोजणीत किती चूक येते ते कळते, आणि तीच दुरुस्ती गाडीला कळविली की चूक काही सेंटीमीटरांवर येते. भारतीय सर्वेक्षण विभागाने अशी केंद्रे उभारली आहेत. भूमिअभिलेख खात्याचे मोजणीदार हल्ली काठीवर जे रोव्हर यंत्र घेऊन शेतात येतात, ते याच तत्त्वावर चालते. तथापि उपग्रह दिसला पाहिजे. मांजरसुंब्याच्या घाटात डोंगराची भिंत बाजूला आली, किंवा गाडी वडाच्या दाट सावलीत व पुलाखाली शिरली, की संदेश तुटतो अथवा खडकावर आपटून लांबच्या वाटेने येतो.

तेथे तिसरा संवेदक उपयोगी पडतो. एसटीत डोळे मिटून बसलेल्या माणसाला गाडी वळली, थांबली, उसळली, हे अंगानेच कळते. तसेच हे यंत्र. वेग किती वाढला आणि गाडी कोणत्या बाजूला किती कलली, हे ते एका सेकंदात शेकडो वेळा नोंदविते. त्याला बाहेरचे काही पाहावे लागत नाही. पण डोळे मिटलेल्या प्रवाशाचा अंदाज जसा हळूहळू चुकत जातो, तसे त्याचेही होते. म्हणून उपग्रह पुन्हा दिसला की त्याचा हिशेब नव्याने जुळवून घ्यावा लागतो.

चौथा संवेदक हा या सर्वांत नवलाचा. लेझर किरणाचा शोध १९६० सालचा. या किरणाचा क्षणिक ठिपका समोरच्या भिंतीवर मारावयाचा आणि तो परत येण्यास लागलेला वेळ मोजावयाचा, यालाच लायडार म्हणतात. प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. भिंत १५ मीटरवर असेल तर जाऊन येऊन ३० मीटरांचा प्रवास होतो, आणि त्यास एका सेकंदाचा एक कोट्यंशच वेळ लागतो. एवढा वेळ मोजणारे घड्याळ ही या यंत्राची खरी करामत. टपावरचे ते डबडे गरगर फिरत सेकंदाला लाखो ठिपके फेकते. प्रत्येक ठिपक्याचे अंतर व दिशा कळली की बिंदूंचा एक ढगच तयार होतो. त्या ढगात विजेचा खांब, बाभळीचे झाड, मोरीचा कठडा, घराचा ओटा, सगळे आपापल्या मापात उभे राहते. आपल्या चांद्रयानानेही २००८ साली चंद्राची उंची-खोली याच तत्त्वाच्या यंत्राने मोजली.

पाचवा कॅमेरा. लायडारला आकार कळतो, पण पाटीवर काय लिहिले आहे ते कळत नाही. ते कॅमेरा सांगतो.

या पाचांचा संसार जुळतो तो वेळेवर. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. ठिपका पडला त्या क्षणी गाडी कोठे होती आणि कशी कलली होती, हे बिनचूक कळले पाहिजे. दिशेत एका अंशाची चूक झाली तर ५० मीटरवरचा खांब नकाशात सुमारे ८७ सेंटीमीटर सरकतो. हात-दीड हाताच्या बांधासाठी भाऊ भाऊ कोर्टात जातात, हे आपण पाहतो. तेव्हा एका अंशाची किंमत वेगळी सांगावयास नको. ही यंत्रे एकत्र बांधून धावती मोजणी करण्याचे पहिले प्रयोग अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात १९९० च्या सुमारास झाले. पुढे यंत्रे लहान व स्वस्त झाली, आणि ही विद्या आपल्या दारापर्यंत आली.

दारापर्यंत म्हणजे अक्षरशः शेजारपर्यंत. २७ जुलै २०२२ रोजी गूगल कंपनीने भारतातील दहा शहरांचे रस्ते घरबसल्या डोळ्यांनी पाहण्याची सोय सुरू केली. त्या दहांत मुंबई, पुणे, नाशिक यांच्या बरोबर आपल्या शेजारचे अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, होते. चित्रे घेण्याचे काम मुंबईची जेनेसिस इंटरनॅशनल आणि टेक महिंद्र या देशी कंपन्यांनी केले. दहा शहरे मिळून रस्त्यांची लांबी दीड लाख किलोमीटर सांगण्यात आली. यापूर्वी २०११ साली बंगळूर येथे अशीच गाडी फिरू लागली असता पोलिसांनी ती थांबविली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशे करण्याचे नियम देशी कंपन्यांसाठी सैल केले, तेव्हा वाट मोकळी झाली. अशा चित्रांत माणसांचे चेहरे व वाहनांचे क्रमांक पुसट करतात. ते योग्यच आहे, कारण बाजारात उभे राहणे म्हणजे जगाला आपले छायाचित्र देणे नव्हे.

चित्रांपेक्षा आपल्या जिल्ह्याला अधिक जवळचा विषय रस्त्याच्या खडबडीतपणाचा आहे. रस्ता चांगला की वाईट, हे मोजावयाचे कसे? दिल्लीची केंद्रीय मार्ग संशोधन संस्था १९५२ साली सुरू झाली. आपल्याकडे रूढ झालेली जुनी पद्धत अशी : मोटारीच्या मागे एक पाचवे चाक बांधावयाचे, ताशी ३२ किलोमीटर वेगाने ओढावयाचे, आणि ते चाक वरखाली किती नाचले त्याची बेरीज करावयाची. एका किलोमीटरला बेरीज जितकी मोठी, तितका रस्ता वाईट. आता चाकाऐवजी लेझर आला. गाडीच्या पुढील आडव्या दांड्यावरून तो रस्त्यापर्यंतची उंची मोजतो. येथे प्रश्न पडेल की गाडीच जर उसळत असेल तर उंची खरी कशी? गाडी तीन सेंटीमीटर वर उसळली तर लेझरला रस्ता तीन सेंटीमीटर खोल वाटेल. पण त्याच क्षणी दुसरा संवेदक सांगतो की गाडी तीन सेंटीमीटर उचलली गेली. एकातून दुसरे वजा केले की रस्त्याचा खरा उंचसखलपणा उरतो. यावरून जो आकडा काढतात तो आंतरराष्ट्रीय खडबडीत निर्देशांक. जागतिक बँकेच्या पुढाकाराने १९८२ साली ब्राझीलमध्ये निरनिराळ्या देशांची यंत्रे एकाच रस्त्यांवर चालवून पाहिली गेली, त्यातून हा निर्देशांक ठरला.

आपल्या राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२५ साली अशा मोजणीगाड्या २३ राज्यांत सुमारे २१ हजार किलोमीटर महामार्गांवर चालविण्याचे ठरविले, आणि दर सहा महिन्यांनी मोजणी पुन्हा करावयाची असे जाहीर केले. भेगा, खड्डे व ठिगळे यांची नोंद माणसाच्या हाताशिवाय व्हावी, हा हेतू. याचे आम्ही स्वागत करतो. खड्डा आहे की नाही यावर अभियंता, ठेकेदार आणि गावकरी यांचा वाद घालण्यापेक्षा आकडा पुढे आलेला बरा. विशेषतः ठेकेदाराने काही वर्षे रस्ता स्वखर्चाने नीट ठेवावा असा करार असतो, त्याला दोषदायित्व कालावधी म्हणतात. त्या मुदतीत रस्ता केव्हा बिघडला, हे तारखेसह सिद्ध झाले तर जनतेचा पैसा वाचेल.

रेल्वेत ही गोष्ट आधीपासून आहे. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड ते अहिल्यानगर प्रवासी गाडी सुरू झाली आणि बीडकरांची कैक वर्षांची वाट पाहणी संपली. त्या रुळांमधील अंतर १,६७६ मिलिमीटर असावे लागते. ते थोडे जरी फाकले किंवा एक रूळ दुसऱ्यापेक्षा खचला तर काय होते, हे सांगावयास नको. रूळ तपासण्यासाठी रेल्वेजवळ खास डबे आहेत. ते भर वेगात धावताना रुळांचे अंतर, उंची आणि सरळपणा नोंदवितात. असे असूनही हातोडा व पाना घेऊन रुळांवरून रोज चालत जाणारा कीमन आणि त्याची गँग रेल्वेने बंद केलेली नाही. यात मोठा धडा आहे. डबा सांगतो की अमुक किलोमीटरवर रूळ खचला. तो का खचला, खडी वाहून गेली की खालची माती फुगली, हे पाहण्यास आणि तेथे खडी ठोकण्यास माणूसच लागतो.

आता या मोजणीला काय दिसत नाही, ते पाहू. येथेच आमच्या मते विषयाचा गाभा आहे.

पहिली गोष्ट, लेझर पृष्ठभागावर थांबतो. मराठवाड्यातील पुष्कळ रस्ते काळ्या मातीवर आहेत. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात वाळून भेगाळते. वरचे डांबर कितीही चांगले असले तरी खालची जमीन दर वर्षी श्वास घेते व सोडते. मग डांबर तडकते. लेझर तडा मोजील, माती मोजणार नाही. जमिनीत शिरणाऱ्या रेडिओ लहरींचे रडार आहे, पण चिकण काळ्या मातीत, आणि ती ओली असेल तर अधिकच, त्या लहरी लवकर विरतात. म्हणून रस्त्याचा दम पाहण्यास दुसरे यंत्र वापरतात. गाडी थांबवून रस्त्यावर एका तबकडीवर वजन पाडावयाचे आणि रस्ता किती लवला ते आजूबाजूला टेकविलेल्या संवेदकांनी मोजावयाचे. हे काम धावत धावत होत नाही, थांबावे लागते.

दुसरी गोष्ट, पाण्याने भरलेला खड्डा. पाण्यावरून किरण भलतीकडेच परावर्तित होतो, म्हणून ही मोजणी कोरड्या रस्त्यावर करतात. आपल्याकडील दुचाकीस्वाराचा हात मोडतो तो मात्र बहुधा पाण्याने भरलेल्या खड्ड्यातच.

तिसरी गोष्ट अधिक खोल आहे. तो जो आंतरराष्ट्रीय निर्देशांक, तो काढताना गृहीत धरलेला प्रवासी कोण? गणितात एक मोटारगाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने जाते असे धरलेले असते, आणि तिच्या स्प्रिंगा किती हलतील त्यावरून आकडा निघतो. पण आपल्या रस्त्यावर कोण चालते? दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, टायरची बैलगाडी, शाळेला पायी जाणारी पोरे, सायकल, आणि डोक्यावर भारा घेतलेली बाई. यांचा जीव बहुतेक वेळा साइडपट्टीवर असतो. डांबराची कडा साइडपट्टीपेक्षा वीतभर उंच राहिली की ट्रॉली कलंडते. मोटारीचा आकडा उत्तम असूनही रस्ता ट्रॉलीला मारक असू शकतो. लायडारला ती कडा दिसते, हे खरे; परंतु ती मोजा असे कोणी सांगितले तरच तिचा आकडा अहवालात येतो. यंत्राला डोळे आहेत, पण काय पाहावे हे ठरविणारा माणूसच असतो.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गाडी जाते तेथलाच नकाशा होतो. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, वडवणी, धारूर या बालाघाटाच्या अंगाखांद्यावरील तालुक्यांत कितीतरी वस्त्या व तांडे असे आहेत की जेथे पावसाळ्यात जीप जात नाही. जेथे रस्ता नाही तेथे मोजणीगाडी नाही. जेथे मोजणी नाही तेथे आकडा नाही. आणि आकडा नाही म्हणून आराखड्यात रस्ता नाही. हे चक्र चालू राहिले तर ज्याला रस्ता आहे त्यालाच नवा रस्ता मिळत राहील. कोणी म्हणेल, ड्रोन आहे ना. आहे. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला, आणि एप्रिल २०२० मध्ये स्वामित्व या नावाने ती योजना सुरू झाली. त्यातून लोकांना घराच्या मालमत्तेची सनद मिळू लागली, हे चांगले काम आहे. परंतु ती मोजणी गावठाणाची आहे. शेतात विखुरलेली वस्ती गावठाणाच्या रेषेबाहेर असते. यंत्र आकाशात उडाले तरी ते कागदावर आखलेल्या रेषेच्या आतच उडते.

आपल्या जिल्ह्यात रस्त्याहून मोठा प्रश्न पाण्याचा, आणि तेथेही ही विद्या पोहोचली आहे. नागपूर जिल्ह्यातील चंद्रभागा नदीच्या खोऱ्यात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने हेलिकॉप्टरखाली तारेचे मोठे कडे टांगून भूजलाचा शोध घेतला. कड्यातून वीज सोडावयाची आणि एकाएकी बंद करावयाची. त्यासरशी जमिनीत क्षणभर सूक्ष्म प्रवाह उठतात. ते किती लवकर विरतात यावरून खाली कोरडा कठीण खडक आहे की पाणी धरणारा मुरमाड, भेगाळ थर आहे याचा अंदाज येतो. त्या खोऱ्यातील खडक म्हणजे आपल्याच पायांखालचा काळा बेसाल्ट, म्हणून हा प्रयोग आपल्याला जवळचा. खडकाच्या कोणत्या थरात पाणी आहे हे न कळता बोअरमागून बोअर घेणाऱ्या शेतकऱ्याचे कर्ज कसे वाढते, हे कोणत्याही गावात विचारावे. तथापि येथेही सावधगिरी हवी. चिकणमातीचा थर आणि पाण्याचा थर या यंत्राला पुष्कळदा सारखेच वाटतात, विजेच्या तारांजवळ त्याची मोजणी बिघडते, आणि शेवटी काही ठिकाणी भोक पाडून पडताळावेच लागते. बीडजवळची सोळाव्या शतकातील खजाना विहीर पाहा. तिला पाणी आणणारे व तिच्यातून पुढे नेणारे भूमिगत बोगदे ज्यांनी खोदले त्यांच्याजवळ हेलिकॉप्टर नव्हते. पण जमिनीचा उतार आणि खडकाचा स्वभाव ते हाताने ओळखत. नव्या यंत्राने हे जुने ज्ञान हुसकून लावू नये. त्याला जोडीला घ्यावे.

आता कामगारांविषयी. नवे यंत्र आले की संघटनेचा माणूस विरोध करणार, अशी समजूत आहे. आमची भूमिका तशी नाही. डोक्यावर ऊन घेऊन साखळी ओढण्यात मोठेपणा नाही. ते काम यंत्राने केले तर बरेच आहे. परंतु मोजणे आणि राखणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. पूर्वी रस्त्याच्या ठरावीक लांबीवर एक मैलकुली असे. मृगाच्या आधी तो बाजूचे चर मोकळे करी, मोरीत अडकलेला पाला काढी, साइडपट्टीला मुरूम टाकी, लहान खड्डा लहान असतानाच बुजवी. रस्त्याचा वैरी चाकापेक्षा पाणी अधिक. चर तुंबला की पाणी रस्त्यावर चढते आणि डांबराखाली शिरते. दर सहा महिन्यांनी येणारी गाडी खड्डा झाल्यावर सांगेल की खड्डा झाला. तो होऊ नये म्हणून जून महिन्यात फावडे मारणारा हात मात्र आमच्या पाहण्यात वर्षानुवर्षे कमी होत चालला आहे. मोजणीवर खर्च करावा आणि राखणीचा माणूस काढावा, हा हिशेब उलटा आहे. ताप मोजण्याचे यंत्र घेतले म्हणून कोणी वैद्याला घरी पाठवीत नाही.

यावर आम्ही चार गोष्टी सुचवितो. पहिली, रस्त्याच्या प्रत्येक किलोमीटरचा मोजलेला आकडा, मोजणीची तारीख आणि ठेकेदाराची मुदत मराठीत लिहून ग्रामपंचायतीच्या व नगरपरिषदेच्या फळ्यावर लावावी. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. पण सार्वजनिक पैशाने केलेल्या मोजणीसाठी प्रत्येकाला अर्ज करावा लागू नये. दुसरी, जेथे गाडी जात नाही त्या वस्त्यांची मोजणी रोव्हर घेऊन पायी करावी, आणि ती आधी करावी. तिसरी, निर्देशांकाबरोबर साइडपट्टीची कडा, मोरी आणि चर यांचीही नोंद सक्तीची करावी. चौथी, रस्त्यावर राबणाऱ्या मजुराला ही यंत्रे वाचण्यास शिकवावे. ज्याने वीस वर्षे एकाच रस्त्यावर फावडे मारले त्याला कोणत्या मोरीवर पाणी चढते ते ठाऊक असते. त्याची नोंदवही आणि गाडीचा आकडा शेजारी शेजारी ठेवले तर अभियंत्याला जे कळेल, ते दोहोंपैकी एकाने कधीच कळणार नाही.

यात अशक्य असे काही नाही. काट्यावर ऊस मोजला जाताना मजुराचा व शेतकऱ्याचा प्रतिनिधी जवळ उभा असावा, शंका आली तर दुसऱ्या काट्यावर वजन करून पाहता यावे, एवढीच आमची जुनी मागणी. काटा मोडून टाका असे आम्ही कधी म्हटले नाही. नव्या मोजणीबद्दलही आमचे म्हणणे तेच आहे. फरक इतकाच की या काट्यावर उसाची मोळी नाही. आपला रस्ता, आपले घर, आपल्या विहिरीचे पाणी चढविलेले आहे. मोजणीगाडी जिल्ह्यात आली तर पोरांनी तिच्यामागे धावावे आणि मोठ्यांनी तिला दोन प्रश्न विचारावेत : काय मोजले, आणि आम्हाला केव्हा दाखविणार?